बाल्कनीतील ग्रिल आणि 10 फुटांचा नियम
बाल्कनी उघडी असतानाही अपार्टमेंटवाले ग्रिलला, म्हणजे अन्न भाजायच्या शेगडीला, मनाई का करतात, असा प्रश्न अनेकांना पडतो. अमेरिकेत अनेक राज्यांनी स्वीकारलेल्या इंटरनॅशनल फायर कोड या नमुना अग्निसुरक्षा नियमावलीनुसार अशा इमारतींत कोळशाची शेगडी किंवा उघड्या ज्योतीचे ग्रिल ज्वलनशील बाल्कनीवर, तसेच ज्वलनशील बांधकामापासून 10 फुटांच्या आत वापरता येत नाही; आणि बहुतेक बाल्कन्या तेवढ्या खोल नसल्याने ही व्यवहारात बंदीच ठरते. बाल्कनीलाही स्प्रिंकलरचे (आग लागताच आपोआप पाणी फवारणाऱ्या यंत्रणेचे) संरक्षण असल्यास कोड सवलत देतो, मात्र स्थानिक नियम किंवा भाडेकरार अधिक कडक असू शकतो, म्हणून लेखी विचारून घ्यावे.

मला हा नियम जाचक वाटत नाही. भिंतीवरचे व्हिनाइलचे (प्लास्टिकचे) आवरण उष्णतेने वितळते, ज्वाळा वरच्या छज्ज्यातून पोटमाळ्यात शिरते, आणि अनेक कमी उंचीच्या इमारतींत तिथे स्प्रिंकलरच नसतात. राखेचेही तेच: वरून थंड दिसली तरी आतला निखारा कित्येक तास धुमसतो, त्यामुळे ती कागदी पिशवीत भरून बाल्कनीत ठेवणे फार धोक्याचे आहे.

भरताचे वांगे भाजण्यापुरती सोय हवी असेल, तर परवानगी असल्यास विजेचे ग्रिल घ्यावे.