स्नेहदीप सोसायटी डोंबिवली (अधिकृत ग्रुप) : रविवार, १० मे २०२०

सावंत बी-३०२ (स. ७:५१)
काल रात्री परत तेच. सव्वातीन वाजता टीव्ही, मग खुर्ची सरकवणे, मग फेऱ्या, मग परत टीव्ही. कोण ते सगळ्यांना माहितीये, नाव घेत नाही. माझी शिफ्ट संपते रात्री साडेबाराला आणि सकाळी नऊला परत लॉगिन. माणसाने झोपायचं कधी? ११ नंतर आवाज बंद हा नियम आहे की नाही सेक्रेटरी साहेब??

देसाई काकू ए-१०१ (७:५३)
जागतिक मातृदिनाच्या सर्व मातांना हार्दिक शुभेच्छा 🙏🌹 आई म्हणजे मंदिराचा कळस...

देसाई काकू ए-१०१ (७:५३)
*फॉरवर्डेड* आलं, दालचिनी, मिरी, गवती चहा. रोज दोन वेळा. कोरोना जवळ येणार नाही.

तेजस ए-३०१ (८:२०)
सावंत दादा नियम आहे ना, पण तो फक्त आमच्या कॅरमला लागू होता 😂

पाटकर सेक्रेटरी (८:३४)
सदर तक्रार लेखी द्यावी. सध्या सोसायटी ऑफिस बंद असल्याने लेखी तक्रारी स्वीकारल्या जात नाहीत याची नोंद घ्यावी.

तेजस ए-३०१ (८:३५)
🤣🤣 हे फ्रेम करून लावा

सावंत बी-३०२ (८:४१)
मूळ मुद्दा तोच आहे. रात्री ११ नंतर आवाज बंद. हसण्यावारी नेऊ नका.

नाईक सी-१०३ (८:५०)
मध्यंतरी जिन्यात भेटले होते मला. हातात थर्मामीटर. मला म्हणाले तुमचं बघू का. डोक्यावर परिणाम झालाय हो त्यांच्या. ठाण्याला ॲडमिशन मिळते का बघा कुणीतरी.

तेजस ए-३०१ (८:५२)
पासची पण गरज नाही, जिल्हा एकच 😜

ॲड. भोईर बी-१०१ (९:०५)
नाईक, जपून. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आहे, २९ मे २०१८ पासून लागू आहे. कुणालाही उचलून ठाण्याला टाकता येत नाही आता. आणि ती थट्टा १९०१ साली हॉस्पिटल झालं तेव्हापासून चालू असेल, जरा नवीन काहीतरी काढा.

नाईक सी-१०३ (९:०७)
साहेब गंमत होती. लगेच कलमं काय.

मेघना कुलकर्णी ए-४०३ (९:२२)
गंमत आपण करतो आणि ज्याला त्रास होतोय तो मग बोलतच नाही. मी शाळेत समुपदेशक आहे, सध्या दिवसभर फोनवर हेच चालू आहे. झोप नाही, छातीत धडधड, दर तासाला ताप बघणे, श्वास नीट येतोय का ते बघणे, हात धुऊन धुऊन कातडी सोललेली, ही माणसं वेडी नाहीत. दीड महिना घरात कोंडलेली आहेत आणि आपण ग्रुपवर रोज काय टाकतो ते जरा वर जाऊन बघा. गेल्या आठवड्यातला तो प्रेतांचा व्हिडिओ कोणी टाकला होता? तो इथला नव्हताच, कुठला होता देव जाणे.

देसाई काकू ए-१०१ (९:२५)
मी फक्त पुढे पाठवला होता. माहितीसाठी.

राणे चेअरमन (९:३१)
ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे. कृपया.

शुभदा जोगळेकर सी-३०१ (९:४४)
मेघना तू म्हणतेस ते खरंय गं. आमचा अथर्व दहावीचा, २३ मार्चचा भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला मग १२ एप्रिलला रद्दच केला, तेव्हा उड्या मारल्या त्याने, आणि आता रात्रभर पबजी आणि दुपारी तीनला उठणार, जेवायला हाक मारली तर खोलीतून नुसतं हं, निकाल कधी ॲडमिशन कधी कुणालाच माहीत नाही, मी काही बोलले की म्हणतो तुला काय कळतंय. पूर्वी असा नव्हता.

तेजस ए-३०१ (९:४६)
काकू त्याचा आयडी द्या, माझ्या टीममध्ये घेतो

मेघना कुलकर्णी ए-४०३ (९:५८)
शुभदा, दुपारी फोन करते. तोवर एकच कर, उठायची वेळ ठरव, झोपायची नको. सकाळचं ऊन अंगावर आलं की रात्रीची झोप हळूहळू जागेवर येते, तोच घोटाळा झालाय सगळ्यांचा. पण ऊन घ्यायचं कुठे, गच्चीला कुलूप.

सावंत बी-३०२ (१०:०२)
गच्चीचा विषय वेगळा. मूळ मुद्दा रात्री ११ नंतर आवाज बंद. बायलॉज बघा.

वैशाली मोरे सी-२०४ (१०:३०)
नाइट करून आत्ता आले, आत्ता वाचतेय. मानसिक आरोग्यावर चर्चा चाललेली बघून बरं वाटलं. २२ मार्चला संध्याकाळी ५ वाजता याच बिल्डिंगने गॅलरीत थाळ्या वाजवल्या होत्या. एप्रिलमध्ये माझ्या दारावर कागद लागला, "लिफ्ट वापरू नये". आणि परवा महापालिकेचा आदेश निघाला होता ना, मुंबईत ड्युटी करणाऱ्यांनी तिकडेच राहायचं, तेव्हा याच ग्रुपवर किती अंगठे आले ते पण बघितलंय मी. आदेश मागे घेतला तेव्हा एकही अंगठा नव्हता. दोन पोरांना सोडून मी राहणार होते कुठे ते कुणी विचारलं नाही.

पाटकर सेक्रेटरी (१०:३६)
सिस्टर, सदर कागद कमिटीने लावलेला नव्हता.

वैशाली मोरे सी-२०४ (१०:३७)
काढला पण नव्हता. मी काढला.

राणे चेअरमन (१०:४०)
झालं गेलं सोडून द्या वैशालीताई. आपल्याला तुमचा अभिमानच आहे 🙏

वैशाली मोरे सी-२०४ (१०:४१)
ठीक.

नाईक सी-१०३ (१०:५५)
वातावरण फार तंग झालं बुवा. वाइन शॉपच्या लाइनचे फोटो बघितले का ४ तारखेचे? देशाचं मानसिक आरोग्य तिथे उभं होतं 😀

मेघना कुलकर्णी ए-४०३ (११:०४)
त्यातही सगळं हसण्यासारखं नाही नाईक साहेब. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की हात कापतात, घाम फुटतो, दोन-तीन दिवसांत भास व्हायला लागतात, फिट येते. जीव जातो त्यात. केरळात मार्चअखेर आत्महत्या झाल्या तेव्हा तिथल्या सरकारने डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू द्यायचं काढलं होतं, डॉक्टरच चिडले, शेवटी हायकोर्टाने थांबवलं. अशा माणसाला हॉस्पिटल लागतं, लाइन नाही आणि विनोद पण नाही.

देसाई काकू ए-१०१ (११:०६)
*फॉरवर्डेड* आलं, दालचिनी, मिरी, गवती चहा. रोज दोन वेळा.

सावंत बी-३०२ (११:१५)
परत सांगतो. मूळ मुद्दा. रात्री. ११. नंतर. आवाज. बंद. बी-४०२ ला कुणीतरी जाऊन सांगणार आहे का मी जाऊ?

वर्तक बी-४०२ (११:४८)
नमस्कार. मी या ग्रुपवर आहे. सकाळपासून वाचत आहे.
१) टीव्हीचा आवाज आजपासून बंद करून फक्त चित्र बघेन. खुर्चीच्या पायांना फडकी बांधली आहेत. पायात चप्पल घालणार नाही.
२) माझी मुलगी न्यू जर्सीत एका हॉस्पिटलच्या औषध विभागात आहे. तिची ड्युटी सुटून ती घरी पोचते तेव्हा आपल्याकडे सव्वातीन वाजतात. पोचल्याचा मेसेज आला की मी झोपतो. काल तो चार वाजून दहा मिनिटांनी आला. तिथे किती माणसं जात आहेत ते आपण वाचत असालच. विमाने बंद आहेत, तिला यायचे म्हटले तरी येता येणार नाही, आणि मला जायचे म्हटले तरी.
३) ताप ९८.२. वहीत नोंद आहे. नाईक यांनी काळजी करू नये.
४) गच्ची सकाळी एक तास उघडावी असे मी २९ मार्च रोजी लेखी कळवले होते. उत्तर आलेले नाही.

पाटकर सेक्रेटरी (११:५५)
काका, सदर पत्र मिळाले होते. विचाराधीन आहे.

तेजस ए-३०१ (११:५८)
(हा मेसेज डिलीट केला आहे)

वैशाली मोरे सी-२०४ (दु. १२:०३)
काका दिवसातून दोनदाच ताप बघायचा, सकाळी आणि संध्याकाळी. त्यापेक्षा जास्त बघून काही कळत नाही, नुसती भीती वाढते. वॉर्डात आम्ही पण तेवढाच बघतो बरं वाटत असलेल्या पेशंटचा. संध्याकाळी दारातून हाक मारीन, घाबरू नका, मास्क लावून लांब उभी राहीन.

वर्तक बी-४०२ (१२:०९)
मोरे सिस्टर, आपण लिफ्टने या. चार मजले आहेत.

शुभदा जोगळेकर सी-३०१ (१२:१४)
काका जेवणाचं काय करता? डबा पाठवू का अथर्वबरोबर, तेवढाच तो खोलीतून बाहेर पडेल

वर्तक बी-४०२ (१२:२०)
स्वयंपाक मला येतो. रेल्वेत गार्ड होतो, लाइनवरच शिकलो. पण पाठवा. त्याच्याशी बोलेन. गाड्या बंद झाल्यापासून मला तसेही कुणाशी बोलल्यासारखे वाटत नाही, रात्री एखादी मालगाडी गेली तर जाग येण्याऐवजी झोप लागते.

सावंत बी-३०२ (१२:४०)
काका मला सव्वातीनचं माहीत नव्हतं. पण मग मला एक मेसेज टाकायचा होतात. मी काय राक्षस आहे का. ग्रुपवर सगळे मलाच बोलतायत पण ३० टक्के पगार कापून वर डबल काम लावलंय, टीममधले तिघे गेले, पुढचं नाव कुणाचं माहीत नाही, आणि हा हॉल म्हणजेच ऑफिस म्हणजेच पोरीची शाळा. मलाही झोप येत नाहीच, वरचा आवाज हे निमित्त असेल कदाचित पण आवाज होतो हे पण खरंय.

तेजस ए-३०१ (१२:४४)
दादा तुम्हाला कोण काय बोललं? सगळे वर्तक काकांबद्दलच बोलत होते

मेघना कुलकर्णी ए-४०३ (१२:५२)
केंद्र सरकारची एक हेल्पलाइन आहे, बेंगळुरूचं निम्हान्स चालवतं, टोल फ्री ०८०-४६११०००७. भाषा निवडता येते. फार त्रास झाला तरच करायचा असं काही नाही.

ॲड. भोईर बी-१०१ (१२:५९)
आणि त्याच कायद्याच्या कलम २१ मध्ये आहे की विमा कंपनीने मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरायचा. पॉलिसी काढून बघा आपापली. कंपनी आपणहून सांगणार नाही.

देसाई काकू ए-१०१ (१:१०)
आमचे हे मार्चपासून बोलतच नाहीत फारसे. बातम्या बघत बसतात. मी म्हणून फॉरवर्ड करत असते, कुणीतरी उत्तर देतं. मेघना, नंबर लिहून घेतला.

मेघना कुलकर्णी ए-४०३ (१:१२)
काकू रात्री फोन करते तुम्हाला. बातम्या दिवसातून एकदा, आणि रात्री अजिबात नको, एवढं सांगा काकांना.

राणे चेअरमन (५:३०)
कमिटीची फोनवर मीटिंग झाली. गच्ची उद्यापासून उघडत आहोत. एका वेळी एका विंगचे जास्तीत जास्त सहा जण, मास्क सक्तीचा, खुर्च्या नेऊ नयेत, कॅरम नेऊ नये (तेजस). बी विंग सकाळी ६ ते ७, ए विंग ७ ते ८, सी विंग दुपारी ४ ते ५. किल्ली पाटकरांकडे.

शुभदा जोगळेकर सी-३०१ (५:३३)
दुपारी ४? मे महिना आहे हो. सकाळचं ऊन म्हणाली ना मेघना. आमच्या सी विंगने काय घोडं मारलंय?

नाईक सी-१०३ (५:३४)
नेहमीचंच. कमिटीत सी विंगचा कोण आहे का? पाण्याचं पण असंच झालं होतं.

सावंत बी-३०२ (५:३५)
आमच्या डोक्यावर गच्ची नाही पण जिना आमच्या दारासमोरून जातो. पहाटे ६ ला? मी साडेबाराला सुटतो हे सकाळीच लिहिलंय.

पाटकर सेक्रेटरी (५:३७)
सदर वेळापत्रकाबाबतच्या सूचना लेखी द्याव्यात.

वर्तक बी-४०२ (५:५२)
सी विंगला आमची ६ ची वेळ द्यावी. मी ४ ला जाईन, छत्री आहे. सावंतांच्या दारावरून जाताना चप्पल हातात घेईन.

राणे चेअरमन (५:५३)
ग्रुप उद्या सकाळपर्यंत ओन्ली ॲडमिन करत आहे.