हेडलाइट लावताच तापमानाचा काटा वर जातो: जुनी झेन, म्हापसा

प्रश्न (म्हापसेकर):
माझ्याकडे १९९८ सालची, कार्ब्युरेटरची मारुती झेन आहे. पाऊस सुरू झाल्यापासून हेडलाइट आणि वायपर लावले की तापमानाचा काटा त्याच क्षणी मध्याच्या वर सरकतो आणि ते बंद केले की खाली येतो. शिवाय पर्वरीच्या वाहतुकीत गाडी अडकली की काटा सावकाश चढतो, आणि रेडिएटरचा पंखा कधी फिरतो, कधी फिरत नाही. महामार्गावर मात्र काही त्रास नाही. एका गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकण्याचा सल्ला मिळाला. तो मानावा का, की रेडिएटरच बदलावा?

उत्तर (फोंड्याहून):
आपल्या तक्रारी दोन आहेत आणि त्या वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. इंजिनातले पाणी क्षणात तापत नाही आणि क्षणात निवतही नाही. त्यामुळे दिव्यांबरोबर उडी मारणारा काटा उष्णता दाखवत नसून अर्थिंगचा, म्हणजे धातूतून वीज परत नेणाऱ्या जोडणीचा, दोष दाखवत आहे. तापमानाच्या सेन्सरला बहुधा एकच वायर असते आणि परतीचा मार्ग त्याच्या आट्यांमधून, म्हणजे इंजिनच्या धातूतून जातो. दिव्यांचा प्रवाह बॉडीतून इंजिनवरच्या अल्टरनेटरकडे (वीज तयार करणाऱ्या यंत्राकडे), बॉडी आणि इंजिन जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीतून परत येतो. ती पट्टी गंजली असेल तर बॉडी आणि इंजिन यांच्यात व्होल्टचा फरक पडतो आणि तेवढा काटा वर जातो. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत हा दोष फार आढळतो.

इंजिन चालू ठेवून, सर्व दिवे लावून, मल्टिमीटरचे एक टोक इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूला आणि दुसरे बॉडीच्या रंग नसलेल्या बोल्टला लावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर पट्टी काढून दोन्ही बाजूंचा धातू पॉलिशपेपरने चकचकीत करा. पट्टीचे धागे तुटले असतील तर नवी बसवा, आणि बोल्ट घट्ट केल्यावर वरून व्हॅसलीन लावा. त्याच वेळी बॅटरीच्या टर्मिनलवरचा व्होल्टेजही पाहा. तो साधारण १३.८ ते १४.५ असावा. सेन्सरच्या आट्यांवर कोणी टेफ्लॉन टेप गुंडाळली असेल, तर तीही अर्थिंग अडवू शकते.

उत्तर (डिचोलीहून):
वरच्या विवेचनाशी मी सहमत आहे. मात्र वाहतुकीत सावकाश चढणारा काटा खराच असण्याची शक्यता आहे, कारण गाडी उभी असताना रेडिएटरला वारा फक्त पंख्याचाच मिळतो. थर्मो स्विचच्या (पाणी तापले की पंखा सुरू करणाऱ्या स्विचच्या) दोन वायरी काढून, इग्निशन चालू ठेवून एकमेकींना जोडा. पंखा फिरला तर मोटर, रिले आणि फ्यूज ठीक आहेत व संशय स्विचवर जातो. फिरला नाही, पण मोटरवर हलकेच ठोकल्यावर फिरू लागला, तर कार्बन ब्रश झिजलेले असतात. हात पात्यांपासून दूर ठेवा.

थर्मोस्टॅट काढू नका. तो साधारण ८२ अंशांना उघडतो. तो नसेल तर इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते आणि पेट्रोल जास्त लागते. गोव्याच्या हवेत त्याची गरज नाही असे म्हणणारे पुष्कळ भेटतात, पण त्याचे काम बाहेरच्या हवेसाठी नसून इंजिनसाठी आहे. रेडिएटरच्या झाकणाचे रबर मात्र जरूर तपासा, कारण दाब टिकला तरच पाणी १०० अंशांपलीकडे न उकळता राहते. झाकण गरम असताना उघडू नये. विहिरीचे पाणी भरले असेल तर ते काढून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर यांचे मिश्रण भरावे.

म्हापसेकर:
आभारी आहे. इंजिन आणि बॉडी यांच्यात ०.७ व्होल्टचा फरक होता; नवी पट्टी बसवल्यावर तो ०.१ च्या खाली आला आणि दिवे लावल्यावर काटा आता हलत नाही. वायरी जोडल्यावर पंखा लगेच फिरला, तेव्हा थर्मो स्विच मागवला आहे. तोपर्यंत वायरी जोडूनच ठेवल्या तर चालेल का?

डिचोलीहून:
काही दिवस चालेल. इग्निशन चालू असेपर्यंत पंखा फिरत राहील, एवढेच. जोड उघडा ठेवू नका, आणि स्विच बसवताना कूलंट सांडेल तेवढे इंजिन थंड असतानाच पुन्हा भरा.