इको करून पेसमेकरची वेळ जुळवण्याबाबत

सीआरटी पेसमेकर (हृदयाचे दोन्ही खालचे कप्पे एकत्र आकुंचन पावावेत म्हणून बसवायचे यंत्र) असलेल्या प्रत्येक रुग्णात वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या ठोक्यांमधली वेळ इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून जुळवलीच पाहिजे, असे आपण लिहिले आहे. त्याच्याशी मी पूर्णपणे सहमत नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्मार्ट-एव्ही’ चाचणीत, ही वेळ सरसकट १२० मिलिसेकंद ठेवलेल्या रुग्णांच्या तुलनेत इकोने वेळ जुळवलेल्यांच्या हृदयाचा फुगलेला डावा खालचा कप्पा सहा महिन्यांनी अधिक आकसल्याचे, म्हणजे सुधारल्याचे, आढळले नाही. मात्र यंत्र बसवूनही ज्यांचा दम कमी होत नाही, त्यांच्यासाठी ही तपासणी मला मोलाची वाटते. नाशिकमध्ये निफाडहून आलेल्या एका आजोबांचा इको करताना मायट्रल झडपेतील (डाव्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या झडपेतील) प्रवाहाच्या ई (रक्त आपोआप खाली उतरतानाची) आणि ए (वरचा कप्पा आकुंचन पावून रक्त ढकलतानाची) या दोन लाटा मिसळून पडद्यावर एकच टोक दिसत होते, म्हणजेच वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या ठोक्यांतील अंतर फार लांबले होते. ते २०-२० मिलिसेकंदांनी कमी करत नेल्यावर लाटा सुट्या झाल्या. आणखी कमी करताच झडप लवकर मिटून ए लाटेचे शेपूट तुटू लागले, तेव्हा एक पायरी मागे येऊन थांबलो. (पलंगावर निजून मिळालेले हे माप चालताना, नाडी वाढल्यावर, तसेच लागू पडेल असे नाही.) एट्रियल फिब्रिलेशन (वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर) कायमचे असल्यास ए लाटच नसते, त्यामुळे तेथे हे अंतर जुळवण्याचा प्रश्नच येत नाही.