मंगळावर १९७६ लाच जंतू सापडले होते का? व्हायकिंगच्या गिल्बर्ट लेव्हिनबद्दल

अवकाशवेडी:
काल रात्री व्हायकिंगबद्दल वाचत बसले आणि झोपच उडाली. १९७६ ला नासाची दोन यानं मंगळावर उतरली, सूक्ष्मजीव शोधायचा एक प्रयोग दोन्ही ठिकाणी पॉझिटिव्ह आला आणि तरी सगळ्यांनी जीव नाही असंच धरलं?? आणि प्रयोगवाला लेव्हिन बायोलॉजीचा नव्हताच, सॅनिटरी इंजिनियर होता. मग नेमकं कोणाचं चुकलं? मी कॉमर्सची आहे, जरा सोपं करून सांगा.

पाणीवाला:
ताई, मी पाणी तपासणीच्या लॅबमध्ये आहे, १४ वर्षं झाली, म्हणून या माणसाबद्दल मला फार आपुलकी आहे. आमच्याकडे नमुना लॅक्टोजच्या ब्रॉथमध्ये, म्हणजे जंतूंच्या पातळ खाद्यात टाकतात, आत बोटाच्या पेराएवढी एक उलटी नळी असते, दुसऱ्या दिवशी बघायचं त्या नळीत बुडबुडा धरलाय का, धरला म्हणजे जंतू गॅस सोडतायत. लेव्हिन आरोग्य खात्यात होता, त्याला हा वाट बघण्यातला वेळच खटकला. त्याने जंतूंच्या खाद्यातच किरणोत्सारी कार्बन-१४ घातला, म्हणजे डोळ्याला न दिसणारा गॅस निघाला तरी किरण मोजणाऱ्या काउंटरला कळणार. तेच मंगळावर गेलं. अर्धा सीसी माती, त्यावर थेंबभर खाद्य, आणि गॅस आला! मग त्याच मातीचा दुसरा भाग १६० डिग्रीला ३ तास भाजून घेतला तर काहीच नाही, ५० च्या आसपास तापवला तर गॅस खूप कमी, आणि दोन-तीन महिने अंधारात पडून राहिलेली माती पण गप्प. नुसतं केमिकल असेल तर ५० डिग्रीला एवढं मंद का पडावं?

रसायन_सातारा:
दादा, दुसऱ्यांदा खाद्य दिलं तेव्हाचं पण सांगा ना. जंतू जिवंत असते तर परत खाऊन परत गॅस सोडला असता, इथे उलट आधी आलेल्यातला साधारण २० टक्के मातीत परत शोषला गेला. शिवाय यानावरच्या शेजारच्याच यंत्राला, जे माती भाजून निघणारे वायू तपासायचं, मातीत सेंद्रिय (जीव ज्याचे बनतात तसले कार्बनचे पदार्थ) असं काही मिळालं नाही, फक्त थोडी क्लोरीनवाली संयुगं, ती पृथ्वीवरच्या साफसफाईच्या द्रवाची समजली गेली. शरीरच नाही तर जीव कुठला?

पाणीवाला:
ते बरोबर, पण २००८ ला नासाच्या फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट (क्लोरीन-ऑक्सिजनवालं एक क्षार) सापडलं ना, आणि परक्लोरेटसकट माती भाजली की सेंद्रिय पदार्थ जळतात आणि तसलीच क्लोरीनवाली संयुगं निघतात. म्हणजे त्या यंत्राचं ‘नाही’ पक्कं धरता येत नाही.

रसायन_सातारा:
मान्य. पण त्याच परक्लोरेटवर रेडिएशन पडलं की हायपोक्लोराइट (ब्लीचमध्ये असतं ते) तयार होतं आणि ते पण त्या खाद्यातून गॅस काढू शकतं, जंतूंची गरजच नाही.

पाणीवाला:
म्हणूनच तर दुसरी नळी हवी होती. आमच्याकडे पहिला बुडबुडा म्हणजे फक्त संशय, त्यातलं थोडं हिरव्या ब्रॉथमध्ये टाकून तिथेही गॅस आला तरच रिपोर्टवर सही होते. लेव्हिन तेच मागत होता, अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) डावी-उजवी, म्हणजे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखी असतात ती, वेगवेगळी द्या, कारण आपल्याकडचे जीव मुख्यतः डावीच वापरतात, आणि १९७६ च्या खाद्यात अॅलनिन हे अमिनो आम्ल दोन्ही प्रकारचं एकत्र होतं. शेवटपर्यंत मागत राहिला, २०२१ ला ९७ व्या वर्षी गेला. खाद्य देऊन गॅस बघायचा प्रयोग त्यानंतर मंगळावर एकदाही झालेला नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

अवकाशवेडी:
म्हणजे डाव्यालाच गॅस आला आणि उजव्याला नाही आला, तर?

रसायन_सातारा:
तर मी हायपोक्लोराइट मागे घेतो. त्याला डावं-उजवं सारखंच.