इथियोपियाच्या जुन्या तबकड्या कापून केलेला अल्बम: दाद कुणाला द्यायची?

खर्जातला
कॅलिफोर्नियाच्या ओह नो या हिप-हॉप निर्मात्याचा २००९ चा ‘डॉ. नोज इथिओपियम’ ऐकतोय. साठ-सत्तरच्या दशकातल्या इथियोपियन गाण्यांचे तुकडे, त्याखाली जाड ड्रम, रॅप जवळजवळ नाहीच. हात बसलेला आहे, वाद नाही. पण जरा रंग चढतोय म्हणेपर्यंत दीड-दोन मिनिटांत बीट (तुकडे नि ड्रम जोडून केलेली रचना) खलास! त्या काळात गेटाचू मेकुरिया शेलेला, म्हणजे लढवय्यांची गर्जना, सॅक्सोफोनवर वाजवायचा. असलं संगीत चढत जायला अवकाश मागतं.

दुसरं म्हणजे श्रेय. २००२ मध्ये अमेरिकन गायिका ट्रूथ हर्ट्सच्या ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ गाण्यामध्ये लताबाईंचं ‘थोडा रेशम लगता है’ न विचारता वापरलं. बप्पी लाहिरी अमेरिकेत कोर्टात गेले, आणि त्यांचं नाव छापल्याशिवाय सीडी विकायला मनाई झाली. अदिस अबाबाच्या वादकांसाठी कोण कोर्टाची पायरी चढणार?

रद्दीतला रेकॉर्डवाला
साफ असहमत. मुळात ती गाणी तरी कुठे सोवळ्यातली होती? १९२४ मध्ये रास तफारींनी, म्हणजे पुढे सम्राट झालेल्या हैले सेलासींनी, जेरुसलेमहून चाळीस आर्मेनियन अनाथ मुलं आणून राजवाड्याचा ब्रासबँड उभा केला. इथियोपियन संगीतकार मुलातू अस्तात्के बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात शिकून आला, न्यूयॉर्कमध्ये लॅटिन ठेके उचलले. गायकांवर अमेरिकेच्या सोल गायक जेम्स ब्राउनची छाप. त्यांनी घेतलं ते ‘संगम’ आणि ओह नोने घेतलं की ‘कापाकापी’? त्याच्या थोरल्या भावाने, मॅडलिबने, हिंदी सिनेसंगीत कापून अख्खे अल्बम केले, तेव्हा आपणच माना डोलावल्या.

भूपाळी
रेकॉर्डवाल्यांशी सहमत. मी या अल्बमवरूनच इथियोपियन गायक महमूद अहमदच्या ‘एरे मेला मेला’पर्यंत पोचले. शिवाय तिझिता या इथियोपियन स्वरमालिकेचा एक प्रकार सा रे ग प ध, चक्क भूपाचे स्वर! तोच तुकडा फिरून फिरून आला की ते कानात मुरतात. पूर्ण गाण्यात शब्दांमागे धावताना माझं तिकडे लक्षच गेलं नसतं.

खर्जातला
मिसळण्याला माझा आक्षेप नाहीच. मुलातू स्वतः व्हायब्राफोनपाशी (धातूच्या पट्ट्यांच्या वाद्यापाशी) उभा राहून मिसळत होता. आणि या तबकड्या दुर्मिळ का झाल्या? १९७४ मध्ये दर्ग ही लष्करी राजवट आली, संचारबंदी लागली, रात्रीचे क्लब बसले. सरकारी मक्तेदारी झुगारून १९६९ मध्ये रेकॉर्ड कंपनी काढणारे अम्हा एशेटे देश सोडून गेले. गिर्मा बेयेनेसारखा संगीतकार वॉशिंग्टनला पेट्रोल पंपावर नोकरी करत होता. आपण ज्याला ‘दुर्मिळ माल’ म्हणतो त्यामागे हे आहे.

रद्दीतला रेकॉर्डवाला
इतिहास मान्य. पण त्याचा दोष दर्गचा, बीट करणाऱ्याचा नव्हे. मूळ वादकांची नावं कव्हरवर ठळक छापा, पैसे द्या, माझी काही हरकत नाही. ‘दीड मिनिटात खलास’ तेवढं मागे घ्या. बीट तेवढाच असतो, त्याला बडा ख्याल समजून बसलात तर कसं व्हायचं?

खर्जातला
नावं आणि पैसे, इथवर जमलं. दीड मिनिटाचं मागे घेणार नाही.