अनुभव धागा: खेळातून शिकवलेलं, खेळातून शिकलेलं

शाळेत, शेतीशाळेत, बचत गटात, आरोग्याच्या कामात, कुठेही खेळ घेऊन काही शिकवलं असेल किंवा स्वतः शिकला असाल तर इथे लिहा. नुसतं "मजा आली" नको, खेळ कसा खेळायचा तेही लिहा म्हणजे बाकीच्यांना उद्याच वापरता येईल.

सुरुवात मी करते. वर्धा जिल्ह्यात जि.प. शाळेवर आहे. आपल्याकडे भुलाबाईची गाणी झाली की डबा हलवून खाऊ ओळखायला लावतात, गोड का तिखट, ओला का सुका, तेच मी पाचवीच्या परिसर अभ्यासात आणलं. डब्यात एक वस्तू, पोरांनी विचारायचं, उत्तर फक्त हो किंवा नाही, प्रश्न वीसच. सुरुवातीला सगळे नुसती नावं फेकतात, चिंच का, बोर का, अन् वीस प्रश्न तिथेच संपतात. मग एखादी पोट्टी विचारते "जमिनीखाली येतं का?" आणि एका झटक्यात अर्ध्या गोष्टी बाद. वर्गीकरणाचा धडा मला वेगळा शिकवावाच लागत नाही. एकदा डब्यात भुईमुगाची शेंग होती. जमिनीखाली येतं? हो. मूळ आहे? नाही. झालं, वर्ग पेटला, मॅडम खोटं सांगून राहिल्या म्हणे! दुसऱ्या दिवशी एका पोराने वावरातून अख्खं झाड उपटून आणलं. पिवळी फुलं वर, तिथून सुटलेल्या आऱ्या, म्हणजे बारीक देठं, मातीकडे गेलेल्या, काहींच्या टोकाला शेंग धरलेली आणि काहींचं टोक नुसतं फुगलेलं. सगळ्यांनी बोट लावून पाहिलं.

वरूडकडचा कास्तकार
आमच्या इकडे बोअर किती खोल चालले ते विदर्भात सगळ्यांना माहीत आहे. गावात एका बैठकीत पाण्याचा खेळ घेतला होता, तो सांगतो. घमेल्यात 50 चिंचोके, ते जमिनीतलं पाणी. पाच जण खेळणार. हरभरा घेतला तर 1 चिंचोका उचलायचा, गहू घेतला तर 3, गव्हाला पैसे जास्त. सगळ्यांचं उचलून झालं की पाऊस पडतो, म्हणजे घमेल्यात 5 चिंचोके परत येतात. पहिल्या डावात एकमेकांशी बोलायचं नाही. सगळ्यांनीच गहू धरला, 15 गेले 5 आले, चौथ्या पावसानंतर घमेल्यात 10 उरले आणि पाचव्या वर्षी कोणाला द्यायचे यावरून खरंच भांडण लागलं. दुसऱ्या डावात बोलायची मुभा होती, तर लोकांनी पाळ्या लावल्या, या वर्षी तू गहू मी हरभरा. आमच्यातला एक म्हातारा म्हणाला, बाबू संत्र्याचं काय, त्याला तर एक साल पाणी तोडलं का झाडच जाते! मग तिथल्या तिथे नियम वाढवला, संत्रावाल्याने दरवर्षी 3 उचलायचेच, नाही मिळाले तर बाग गेली आणि तो खेळातून बाहेर. तेव्हा कुठे कळलं का बागवाला माघार का घेऊ शकत नाही. हे भाषणात ऐकलं असतं तर आम्ही चहा पिऊन घरी गेलो असतो.

आशाताई, गडचिरोली
आमचा विषय सिकलसेल, आईबापाकडून लेकरात येणारा रक्ताचा आजार. खेळाला तुरीचे दोन दाणे आणि ज्वारीचे दोन दाणे, बस. आईच्या मुठीत एक तूर एक ज्वारी, बापाच्या मुठीतही तसंच, म्हणजे दोघंही वाहक, स्वतः आजारी नाहीत पण लेकराला देऊ शकतात. डोळे मिटून दोन्ही मुठींतून एकेक दाणा काढायचा, ते बाळ. दोन ज्वारी आल्या तर बाळाला आजार, एक आली तर वाहक, दोन्ही तुरी तर काहीच नाही. दाणे परत मुठीत ठेवून पुन्हा काढायचे, हे विसरू नका, खरी गोष्ट इथेच आहे. लोकांना वाटतं चारातलं एक आजारी निघालं म्हणजे पुढची तीन चांगली, तसं नाही, दर वेळी धोका चारात एक तेवढाच. आणि सासू स्वतःच्या हाताने मुलाच्या मुठीतून ज्वारी काढते ना, तेव्हा "सुनेनंच आणलं" हे बोलणं तिथेच थांबतं. नंतर एकाच्या मुठीत दोन्ही तुरी ठेवून खेळवते. मग कितीही वेळा काढा, दोन ज्वारी येतच नाहीत. लग्नाआधी रक्त तपासायचं कशाला, हे पोरं स्वतःच सांगतात.

अकोला, माध्यमिक शिक्षक
माझं मत थोडं वेगळं. साप-शिडीच्या पटावर "हात धुतले, वर जा" असं छापून आणलेले खेळ मी बरेच पाहिले. पोरं वाचत नाहीत, फासा टाकतात आणि सोंगटी सरकवतात. साप-शिडीचं जुनं रूप असलेल्या मोक्षपटातही सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे सापच होते, पण निर्णय खेळणाऱ्याचा नसतोच ना. मी नियम बदलला, शिडीच्या पायथ्याशी आला की का चढायचं ते सांगायचं, समोरच्या गड्याला पटलं तरच चढायचं. डाव लांबतो, पण पोरं बोलतात.

यवतमाळ
वरच्या पाण्याच्या खेळासारखं कपाशीवरच्या बोंडअळीसाठी करून पाहायचं आहे. कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणाऱ्या) सलग तीन दिवस रोज 8 ते 10 पतंग दिसले तरच फवारणीचा विचार करायचा, हे आमचे कास्तकार ऐकतात पण शेजाऱ्याने पंप काढला की आपलाही काढतात. रोजच्या पतंगांच्या चिठ्ठ्या आणि हातात थोडे पैसे, इतपत सुचलं आहे. शेजाऱ्याचं दडपण खेळात कसं आणायचं, कोणी सुचवेल का?