ब्रश कटर चोकवर चालते, चोक उघडला का बंद पडते

धुऱ्यावरचा:
राम राम मंडळी. मायाजवळ गवत कापायची टू-स्ट्रोक (पेट्रोलमधी ऑइल मिसळून चालते ते) ब्रश कटर हाय, दोन सीझन वापरली. मागच्या दिवाळीले काम संपलं तशीच कोठ्यात टांगून देली, टाकीत अर्धा लिटर मिक्स पेट्रोल तसंच राह्यलं होतं. आता पाणी पडल्यावर काढली त पंधरा-वीस डाव दोरी ओढली का चोकवर सुरू होते, चोक उघडला का लगेच बंद. नवा प्लग टाकून पाह्यला, फरक नाही. मिस्त्री म्हणते पिस्टन गेला. खरंच पिस्टन असंन का? धुऱ्यावर कंबरभर गवत झालं अन् साप-विंचवाचं भेव हाय, लेकरं तिकूनच शाळेत जातात.

वाशीमकर:
भाऊ, पिस्टन नको खोलू अजून. दोरी ओढताना हाताले चांगला दाब लागते ना? मंग पिस्टन बहुतेक ठीकच हाय. चोक लावला का हवा कमी जाते, पेट्रोल जास्त ओढल्या जाते, म्हणून तेवढ्यापुरती चालते. म्हणजे इंजिनले पेट्रोल कमी भेटून राह्यलं. सात-आठ महिने पडून राह्यलं का पेट्रोल उडून जाते अन् खाली चिकट राळ उरते, ते कार्बोरेटरच्या (पेट्रोल अन् हवा मिसळते त्या भागाच्या) बारीक छिद्रात बसते. त्यात आता पेट्रोलमधी २० टक्के इथेनॉल, ते हवेतला ओलावा ओढते अन् पाणी टाकीच्या तळाशी बसते.
पह्यले जुनं पेट्रोल पूर्ण काढ. मंग तारेचा आकडा करून टाकीतला फिल्टर बाहेर ओढ, काळा पडला असंन त बदल, महाग नसते. नळीले चीर गेली का तेबी पाह्य, पेट्रोल चढवाचा दाबाचा रबरी बल्ब फाटला असंन त हवा ओढते. एवढं करूनबी नाही चाललं त कार्बोरेटर खोलून साफ कर, त्यातला पातळ पडदा कडक झाला असंन त नव्या पडद्याचं किट टाक.

पऱ्हाटीवाला:
वरच्या भाऊंचं एकदम बरोबर. फक्त एअर फिल्टर विसरू नका, आमच्याकडे धूळ एवढी आहे की मी दर दोन-तीन दिवसांनी काढतो. स्पंज साबणाच्या पाण्यात धुवायचा, सावलीत पूर्ण वाळवायचा, ओला बसवला तर मशीन दम तोडते. सायलेन्सरच्या तोंडाशी जाळी असते, ती कार्बनने भरली की रेसच घेत नाही, काढून ब्रशने घासा. आणि पात्याच्या गिअरमध्ये ग्रीस भरता का? लोक तिथे कधीच बघत नाहीत, मग गिअर जळतो.

वाशीमकर:
अन् हो, ऑइल अंदाजानं झाकणभर टाकू नका राजेहो. पेट्रोल-ऑइलचं प्रमाण २५:१ असंन त लिटरले ४० मिली, ५०:१ असंन त २० मिली, पुस्तकात पाहून टाका. फोर-स्ट्रोकवाल्याईनं मातर पेट्रोलमधी ऑइल टाकू नये, त्याईचं इंजिन ऑइल अलग असते.

धुऱ्यावरचा:
फिल्टर काढला त डांबरासारखा काळा, पेट्रोलच्या तळाशी पाण्याचे थेंब. नवा फिल्टर, ताजं मिक्स, अन् चौथ्या दोरीले चालू! चोक उघडूनबी बंद नाही पडली. पडदा सध्या तसाच ठेवला. आता दिवाळीले टाकी खाली करून, बंद पडेपर्यंत चालवून मंगच टांगतो. लय उपकार झाले, आत्ताच धुऱ्यावर चाललो.